नकाशा आणि टाटा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकमेकांच्या ओळखीचे दोघे भेटले होते.

“आईंचं गावाकडचं घर झालं बांधून?”

“झालं. इथे बसून व्हिडिओ कॉलवर बांधलं. फक्त तिचं न्हाणीघर अंगणातल्या विहिरीपासून पार दुसऱ्या टोकाला गेलं.”

“मिस्त्री चुकला?”

“छे, मीच दीडशहाणा. कॅमेऱ्यासमोर नकाशा धरला, तर माझ्या पडद्यावर तो आरशातल्यासारखा उलटा दिसला. म्हणून उलटा काढून धरला. मला सुलट दिसला, त्याला उलटा.”

“त्याला शंका आली नाही?”

“आली की. दोन्ही हात हलवून थांबा म्हणत होता. मला वाटलं, निरोप घेतोय.”

“बोलला असेल ना?”

“तिथल्या काँक्रीट मिक्सरची घरघर नको म्हणून मी फोनचा आवाज बंद ठेवला होता.”

“आणि आई?”

“त्याच्या मागे उभी राहून तीही हात हलवत होती. तिलाही मी हसून टाटा केला.”