धुऱ्यापलीकडची माती

साकोलीहून एकोडीला जाणाऱ्या बसमध्ये चंद्रकलाचे डोळे खिडकीबाहेर होते, कान मात्र मागच्या सीटवरच्या आजी-नातीकडे लागले होते.

“गुड्डी, ह्या रिकाम्या पिशव्या कायले वं?”

“आपल्या धानाच्या बांधीतली माती भराले, आजी. कॉलेजात आमी मातीतल्या जंतूंचे जीन पाहून राहिलो. जीन म्हंजे पिढीजात गुण.”

“मायचे लेकराले येतात, तसे?”

“हो. पण जंतू बाजूच्या जंतूचेही गुण घेतात, नात्यातला नसला तरी.”

“धुऱ्यापलीकडच्याचेही?”

“त्यांले दोन शेतांमधला धुरा कुठं समजते! मले मोठ्या आजीच्या, तुझ्या जावेच्या बांधीतलीही माती पाहिजे होती. पण त्या धुऱ्यापायी तुमचं बोलणं बंद...”

“बारा वर्सं झाले.”

एकोडी आली. दोघी उतरल्या. चंद्रकलानं खिडकीतून मान बाहेर काढली. आजी उलट्या वाटेला लागली होती.

“आजी, घर इकडं आहे!” गुड्डी ओरडली.

“तू जाय घरी. मले एक पिशवी दे.”