रिकाम्या मशीनपाशी राहिलेली माफी

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक महेश्वरशेठ. प्रमुख पाहुणे मौलाना इलाहीबक्षसाहेब. आज निवृत्त होऊन लवकरच हजला निघणारे आमचे सत्कारमूर्ती, सुपरवायझर गुफरानभाई. आणि टॉवेल शिलाई विभागातल्या माझ्या बहिणींनो, भावांनो,

मी साबेरा. चेकिंगला असते, त्यामुळे खोट काढायची सवय. आज आवरून घे, असं सगळ्यांनी बजावलंय. बघू की!

गुफरानभाईंनी आम्हाला काय नाही शिकवलं? जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यांच्याविषयी ब्र काढला, की भाई दारात हजर. "गीबत, पाठीमागं केलेली निंदा, म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं!" माझ्या डब्यात साधी शेंगाचटणी, पण तीही घशाखाली उतरेना. मग भाई मालकांच्या केबिनमध्ये जाऊन आमच्याबद्दल निवांत बोलायचे. ती गीबत नव्हे हं. तो रिपोर्ट!

असाच एक रिपोर्ट आमच्यातल्याच शिलाईवरच्या समराचा. मशीनच्या सुईपुढचं गार्ड निघालंय, असं तिनं भाईंना वारंवार सांगितलं. शेवटी सुई बोटात घुसली. मालक, तुमच्यापर्यंत काय पोचलं? पोरगी गप्पा मारत होती! तिचं काम गेलं. वर भाईंनी तिला समजावलं, "बेटी, किसीको बोलू नक्को, गुनाह लगता." पोरगी अल्लाला भिणारी. घरीसुद्धा म्हणाली, चूक माझीच. काल माझ्याजवळ रडली तेव्हा खरं कळलं. मला राग आला, अजून आहे. तिला विचारूनच आज बोलतेय.

मघाशी मौलानासाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "जुल्म झालेल्यानं न्याय देणाऱ्यापुढं बोलणं ही गीबत नव्हे. पण नसलेला दोष लावणं म्हणजे बोहतान, ते गीबतीहून वाईट." न्याय देणारे मालक इथंच आहेत. गुफरानभाईही समोर आहेत, पाठीमागं नाहीत. मालक, समराला कामावर परत घ्या.

हजला जाण्याआधीचा रिवाज म्हणून काल भाई प्रत्येक मशीनपाशी थांबून "कहासुना माफ करना" म्हणाले. आम्ही माफ केलं. आमच्या वाट्याला काय, भाईंचे टोमणेच आले होते. समराच्या मशीनपाशी कुणीच नव्हतं. भाई पुढं गेले.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. भाई, समराबाबतचं तुमचं मात्र आम्हाला पदरात घेता येत नाही, मौलानासाहेबांनाही नाही. ज्याच्यावर जुल्म झाला, त्यानंच माफ करायचं असतं. समरा शेवटच्या रांगेत, दाराशी बसली आहे. हार गळ्यात असू द्या, तेवढं जाऊन या.