बोट कुणाचं

...आता बोट कुणाचं, एवढं तरी सांगायचं हुतं का न्हाय सरांनी? हार नको, नारळ नको, तुम्हास्नी सांगते, आमच्या मालकांना फकस्त तेवढंच पायजे हुतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात पुण्याचं धैर्यशीलसर धरणावरल्या आमच्या गावात आलतं, खेकड्यांचं संशोधन करायला, आणि मालक म्हशी माझ्या गळ्यात टाकून तीन महिनं त्यांच्या म्होरं... सर काठावर छत्रीत, मालक वढ्यात वाकून दगड उलथत्यात, पायाला जळवा, आणि जेवण माझ्या चुलीवर दोघांचंबी. एका दगडाखाली पाठीवर केशरी डाग असलेला खेकडा घावला. आमच्यात त्याचं कालवण करत्यात, सासूबाईबी करायच्या. सर म्हणालं, "आकाराम, बोट तिथंच ठेव, हलू नकोस." ठेवलं की. खेकड्यानं धरलं, रगत आलं, ह्यांनी हूं का चूं केलं न्हाय, आणि सर आपलं फोटो काढतंय. मग बोट कुणाचं?

पुढल्या वर्षी कोल्हापुरात सरांचं भाषण, नव्या शोधावर, सगळ्या लोकांसाठी. मालकांनी फेटा बांधला, भावकीतली अकरा माणसं वडापच्या जीपनं नेऊन पुढं बसवली. "माझं नाव निघालं की टाळ्या जोरात."

सर म्हणालं, "अथक शोधानंतर मला हा खेकडा आढळला. विज्ञानाला तो आजवर अज्ञात होता." माझी जाऊ धोंडुबाई कानात म्हणती, "मग आपण काय खात हुतो गं?"

तेवढ्यात पडद्यावर फोटो. ह्यो भला थोरला. मालक ताठ बसलं. आणि सर, "आकार कळावा म्हणून शेजारी मानवी बोट ठेवलं आहे."

मानवी... अवो, पर बोट कुणाचं? आणि खेकड्याला नाव कुणाचं, तर सरांच्या गुरुजींचं.

शेवटाला मालकांनी हात वर केला. माईक आला. सरांनी बघितलं, वळखलं, मी बघत हुते की, आणि म्हणालं, "बोला काका, थोडक्यात." तीन महिनं माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस, काका म्हणतोय.

मालकांनी फेटा सावरला. म्हणालं, "काय न्हाय... खेकडा घावला कुठं, तेवढं इचारायचं हुतं."

"संरक्षणासाठी ते ठिकाण आम्ही गुप्त ठेवलं आहे."

परतताना वडापमधी मालकांचा फेटा मांडीवर.

गेल्या म्हयन्यात सरपंचांच्या घरी सरांचा फोन. "आकाराम, अजून एक मादी हवी, येतोस ना?" आणि मालक निघालं की. मी म्हणलं, "लाज कशी वाटत न्हाय तुम्हास्नी? त्यांचं त्यांनी शोधू दे."

तर पायताण घालत म्हणत्यात, "अगं, ते ठिकाण लई गुप्त हाय. सरांना घावत न्हाय."