त्रेचाळीस कुलपं

(कायदेमंडळाच्या इमारतीतला लाकडी बाक. समोरच्या बंद दारामागे समिती एकेकाचं म्हणणं ऐकून घेते आहे. बाकावर निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा कुलूपवाला.)

बाई: ...आणि इथे जरा थांबायचं. मग म्हणायचं, 'आज आमच्या गल्लीत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरांत बंदूक कुलपात आहे.' म्हण बघू.

कुलूपवाला: बाई, ती ओळ काढू या ना.

बाई: ती काढली तर उरलं काय? नमस्कार आणि आभार? अरे, कायदा अजून व्हायचाय आणि एका गल्लीनं तो आपणहून पाळून दाखवला, एवढ्याचसाठी बोलावलंय आपल्याला.

कुलूपवाला: पाणी पिऊन येतो.

बाई: तिसऱ्यांदा? बस खाली. गृहपाठ केला नसला की असाच चपलांकडे बघत उभा राहायचास. काय झालंय?

कुलूपवाला: काल आपल्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची सून दुकानात आली होती. हसत हसत. म्हणाली, काका, कमाल आहे तुमची. आमची किल्ली सापडेना, म्हणून शेजारची सहज लावून बघितली, तर लागली की.

बाई: कुठली किल्ली? बंदुकीच्या कपाटाची?

कुलूपवाला: हो.

बाई: एखादी लागत असेल चुकून.

कुलूपवाला: एखादी नाही. पहिली दहा सोडली तर सगळी. तेहतीस.

बाई: नीट सांग. मला कुलपातलं काही कळत नाही.

कुलूपवाला: कुलपाच्या पोटात बारीक पिना असतात, कमी-जास्त उंचीच्या. दर कुलपात त्या वेगळ्या बसवायच्या, आणि त्यांच्या मापानं किल्ली कापायची. पहिली दहा मी तशी केली. अगदी मन लावून. मग मान भरून आली, कुलपं लावून द्यायचा रविवार तोंडावर आलेला. म्हटलं, कपाटाला कुलूप दिसलं की झालं, कोण कुणाची किल्ली लावून बघायला बसलंय? उरलेल्या सगळ्यांत एकाच मापाच्या पिना भरल्या आणि एकाच किल्लीच्या नकला मारत सुटलो. जेवून बसलो तो चहापर्यंत मोकळा.

बाई: चौथीत तुझी वही अशीच असायची. पहिली चार पानं मोत्यासारखी, पुढे नुसत्या मुंग्या.

कुलूपवाला: तुम्ही चारच पानं बघून 'छान' लिहायचात.

बाई: माझी भाची दुसऱ्याच्या घरी गेली होती. आठवतंय ना? मैत्रिणीकडे, अभ्यासाला. मैत्रिणीच्या भावानं बापाच्या टेबलाचा खण ओढला, गंमत दाखवायला. खणात भरलेली बंदूक होती, खणाला कुलूप नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं आपण दारं वाजवतोय. लोक आम्हाला शहाणपण शिकवू नका म्हणाले, तरी पुन्हा वाजवतोय.

कुलूपवाला: विसरेन कसा? पहिलं कुलूप मी त्याच घरात लावलं.

बाई: ते तरी...

कुलूपवाला: ते चोख आहे. त्या कुलपाची पिन न पिन दोनदा मापली मी. पुढे मापणंच सुटलं.

बाई: सुनेला काय म्हणालास?

कुलूपवाला: तेच तर. हसलो. तिच्याबरोबर हसलो मी, बाई. म्हटलं, आमचं कामच तसं, एकदम सोयीचं. ती गेल्यावर शटर खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. आज निघताना बायकोनं सदऱ्याची कॉलर नीट केली, म्हणाली, अभिमान वाटतो तुमचा. तिच्याकडे बघवेना मला. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

बाई: आत तो जाड चष्म्याचा सभासद बसलाय. मघाशी दार उघडलं तेव्हा ऐकलंस ना? कुलपं नुसती दाखवायला असतात, त्यासाठी कायदा कशाला, म्हणत होता. त्याच्या हातात तू आयतं कोलीत देणार.

कुलूपवाला: म्हणून म्हणतो, माझी तब्येत बिघडली म्हणून सांगा. मी परत जातो, आठ दिवसांत सगळ्या पिना बदलतो. कुणाला पत्ता लागायचा नाही.

बाई: आणि ते आठ दिवस?

कुलूपवाला: पाणी पिऊन येतो.

बाई: बस खाली. मग मीच बोलते. आपल्या गल्लीच्या समितीकडे ठेवायला म्हणून तू दर घराची एक जादा किल्ली दिलीस. त्यांना घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या कुणी बांधल्या?

कुलूपवाला: तुम्ही.

बाई: बांधताना दोन किल्ल्या एकमेकींवर पडल्या. दात दाताला जुळला. मी तिसरी ठेवून बघितली. तीही जुळली.

कुलूपवाला: म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

बाई: माहीत करून घेतलं नाही. म्हटलं, आपल्याला यातलं काय कळतंय. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले यायचे होते. तुला विचारलं असतं तर फोटो राहिला असता. त्या फोटोत मधोमध मी आहे, भाचीची तसबीर छातीशी धरून. चार पानं बघितली आणि 'छान' लिहिलं.

कुलूपवाला: बाई, रडू नका.

बाई: रडत नाहीये. फोन दे तुझा, माझा पिशवीच्या तळाशी गेलाय... हॅलो, शिंपीणबाई? मी बोलतेय. नाही, अजून आत बोलावलं नाही. हे बघा, हातातलं काम ठेवा, सुनेला बरोबर घ्या आणि घरोघर जा. आपल्या यादीतल्या अकराव्या घरापासून शेवटपर्यंत. बंदुका आजच्या आज पोलीस चौकीत ठेवायला सांगा, कुलपं बदलून होईपर्यंत. हो, सगळी एका किल्लीनं उघडतात. हो, खरंच. कुणाची चूक म्हणून विचारतील. दोघांची म्हणावं. नाही हो, त्याच्या एकट्याची नाही, माझं नाव आधी घ्या. ठेवते.

कुलूपवाला: आता गल्लीत तोंड कसं दाखवायचं?

बाई: दार वाजवून. दुसरी पद्धत आपल्याला येते कुठे?

कुलूपवाला: आत मी सगळं सांगतो. तो चष्मेवाला हसला तर हसू दे. पण एक मागणीही करतो. कायद्यात लिहा म्हणावं, ज्यानं कुलूप केलं त्यानंच ते तपासायचं नाही. आणि तपासणाऱ्यानं सुरुवात शेवटच्या कुलपापासून करायची.

बाई: हे मी लिहून दिलेल्या कागदावर नव्हतं.

कुलूपवाला: नाही.

बाई: मग कागद इथेच ठेव.

शिपाई: चला, कुलूपवाले कोण? तुम्ही? खिशातलं लोखंडी-पितळी काय असेल ते ताटलीत काढा, बाहेर आल्यावर मिळेल.

कुलूपवाला: एक किल्ली आहे फक्त. ती आत नेऊ द्या ना, दाखवायची आहे.

शिपाई: किल्लीत काय दाखवायचंय? तुमच्या घराची आहे का?

कुलूपवाला: नाही. तेहतीस घरांची.