बाबांच्या ड्युटीचा तक्ता

हॅलो?

हो, बोल ना चिमे… नाही गं, झोपले नव्हते. दुपारी कुठली झोप? बाबांचा व्यायाम करवून घेतला, आत्ता कुठे त्यांना आडवं केलंय. फिजिओवाल्या बाई म्हणाल्यात ना, पाय रोज थोडा तरी वर गेला पाहिजे. जातो. कुरकुरत जातो.

काय?… परत तेच? अगं, बाबांच्या तक्त्याच्या त्या फाइलमागे हात धुऊन का लागलीयेस तू?

हो, हो… दिसतो मेसेज. कॉम्प्युटर उघडला की डोक्यावर लाल पट्टी, मुदत संपत आली, पैसे भरा. भरीन की… माहितीय गं, ते ऑनलाइनवालं फुकट आहे. सगळं जग वापरतं, मान्य. पण वकीलसाहेबांकडे इतकी वर्षं मी या जुन्या सॉफ्टवेअरवरच टायपिंग करतेय. कुठलं बटण कुठे, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. डोकं चालत नसलं तरी बोटं चालतात. आणि हल्ली डोकं चालत नाही, म्हणून सांगते.

आणि नेट गेलं की?… तसंही चालतं? आधी कुठेतरी जाऊन चालू करून ठेवायचं? बघ, म्हणजे तिथेही मीच ठेवायचं. माझी फाइल नेट असो नसो, मुकाट्याने उघडते. घरात तेवढी एकच गोष्ट माझं ऐकते.

अगं ऐक ना… ऐक तर! मागे तू म्हणालीस म्हणून चढवली होती की नाही मी ती तुझ्या ऑनलाइनवर? काय झालं? रकाने इकडचे तिकडे. रक्तदाबाची गोळी अंघोळीच्या रकान्यात, तारखांचे नुसते आकडे. हसू नकोस. मी न बघता प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बाबा काठी टेकत आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, 'डेपोत असतो तर हा तक्ता करणाऱ्याला मेमो दिला असता.'

हो ना… उभा जन्म ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावण्यात गेला त्यांचा. वाकडी रेघ खपते का त्यांना?

बरं, ते जाऊ दे. तुला नक्की अडचण काय आहे? दर रविवारी मेल करते की मी. 'तक्ता अंतिम', मग 'तक्ता अंतिम दोन', मग 'तक्ता अगदी अंतिम'. तू भलतीच जुनी उघडून बसतेस, त्याला मी काय करू?

काय म्हणालीस?… परत सांग. आवाज तुटला.

नाव घातलं होतंस? कुठे?… कुठल्या आठवड्याला?… पूर्ण आठवडा?

थांब. थांब जरा. बसते मी.

अगं, मी ती उघडलीच नाही. तू उलट पाठवलेली फाइल… मला वाटलं, 'मिळाली, बरं' एवढंच असेल. नेहमीसारखं. मी आपली माझ्याच फाइलीत पुढचा आठवडा भरला आणि पाठवून दिला… हो. सगळीकडे 'ताई'. सकाळच्या गोळ्या ताई, अंघोळ ताई, डॉक्टर ताई, रात्रीची जाग ताई… हो गं, कळतंय.

म्हणजे तुला वाटलं, मी तुझं नाव खोडलं?

वेडी आहेस का? मी कशाला खोडीन? मी तर रोज वाट बघत होते, ही स्वतःहून कधी म्हणतेय 'मी येते' म्हणून… तू का नाही विचारलंस?… घाबरलीस? मला?… हो, असेल. तेव्हा मी सगळ्यांवरच खेकसत होते.

नाही, रडत नाहीये. थकलेय, चिमे. सरळ सांगते, थकलेय मी. काल गॅसवर दूध ठेवून खुर्चीतच डोळा लागला. जळका वास आला म्हणून बाबांनी हाका मारल्या. त्यांना उठता येईना आणि मला ऐकू येईना. पातेल्याचं काय, पातेलं गेलं. पण पुढे काही झालं असतं म्हणजे?… तेच तर.

बरं, बरं. उघडते. पाठव तुझं ते… आलं. हं. रकाने जागेवर दिसताहेत. तू नीट केलेस?… बसून सगळे? शहाणी गं माझी.

हा निळा ठिपका तू?… अय्या, शनिवारी 'चिमी' आलं. रविवारी पण. माझ्या डोळ्यांदेखत! आणि सेव्ह कुठे करायचं?… बटणच नाही? आपोआप? बाई, मला तर त्याने 'सेव्ह करू का' विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

चिमे, हा हिरवा कोण?

अगं, हिरवी रेघ फिरतेय इथे. वर 'पाहुणा' लिहिलंय. खाली उतरली… ताईच्या ओळीत गेली. माझं नाव पुसतंय कुणीतरी! तू नाहीस ना?… मग कोण? आणखी कुणाला पाठवलीस तू ही?

बाबांच्या टॅबवर?

थांब, डोकावते… उशीला टेकून बसलेत. चष्मा नाकावर, बोट टॅबवर. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

शनिवारी 'सुट्टी' लिहिलंय. माझ्यापुढे. लाल रंगात. डेपोत लाल पेन्सिलीने लिहायचे ना, तसं. रविवारी सुट्टी. सोमवारी पण… चिमे, तुझं नाव पुढे ओढताहेत ते. पूर्ण आठवडाभर चिमी!… तुझी मीटिंग आहे? मला काय सांगतेस? डेपोत कुणाला विचारून ड्युटी लावली होती त्यांनी?

बाबा, अहो बाबा! एवढी नको, दोन दिवस पुरे मला…

काय म्हणाले? म्हणाले, 'सलग ड्युटी लावली की गाडी ठोकली जाते. काल ठोकली होतीस.'

हो. इतकंच.

आता खाली गेले. शेवटच्या ओळीत काहीतरी लिहिताहेत… पूर्ण नाव. आडनावासकट.

सही केली, चिमे.

नाही गं, आता नाही बदलायचं. सही झालेली ड्युटी कधी बदलली आहे का त्यांनी?… हो. ये. शनिवारी सकाळचीच ये. पातेलं मात्र येताना घेऊन ये एक.

ठेवते आता… नाही, काही काम नाही. जरा पडते.