‘शिवनाद’चं मुखपृष्ठ

मल्लेश्वरी : न्हाई पोरी, ह्ये चालायचं न्हाई. तुझ्या कंप्युटरवरनं माझा फोटो काढून टाक.

मंजुश्री : अक्का, नीट बघा तरी. आपल्या संगीत मासिकाचा पयला अंक, आन् त्याच्या कव्हरवर मंठाळच्या मल्लेश्वरी अक्का!

मल्लेश्वरी : बघायलेच की. वर एवढं मोठं ‘शिवनाद’ लिवलंस, आन् त्या नावावर माझं डोस्कं. मधली दोन अक्षरं दिसंनात. शिवाचं नाव माझ्या अंबाड्यामागं? शिवशिवा!

शिवकुमार : आत्या, कलबुर्गीचा छापखाना वाट बघायलाय. संपादक मी हाय, बोलणी मला खावी लागतील. जल्दी व्हय म्हण.

मंजुश्री : शिवअण्णा, दम धरा. अक्का, ही रीत हाय. कुठलंबी गाण्याचं मासिक घ्या. नाव वरच असतंय, कारण दुकानात अंक एकामागं एक उभे असतात, वरची पट्टी तेवढी दिसती. चेहरा मोठा, नजर थेट घेणाऱ्याकडं. डाव्या अंगाला आतल्या लेखांच्या ओळी, किंमत कोपऱ्यात. आन् कव्हरवर जो रंग, तोच आत पानोपानी.

मल्लेश्वरी : कुणी ठरवलं गं हे समदं?

मंजुश्री : कुणी एकानं न्हाई. करत करत झालं.

मल्लेश्वरी : म्हंजे आमच्या भजनावानीच. आधी गुरूचं, मग संतांची वचनं, शेवटाला मंगळारती. कुणी लिवून दिलं न्हाई, पर कुणी मोडतबी न्हाई. कागदालाबी असा नेम असतोय... आज कळालं बघ मला. केवढं हाय हे!

शिवकुमार : मग झालं तर! नेम मोडायचा न्हाई.

मल्लेश्वरी : पर डोस्कं नावावर कामून?

मंजुश्री : नावाजलेली मासिकं तसं करतात. नाव इतकं ओळखीचं असतंय, की अर्धं झाकलं तरी लोकं वाचतात. त्यातच त्यांचा रुबाब.

शिवकुमार : आपला तर पयलाच अंक. आपलं नाव कोण वळखतंय?

मल्लेश्वरी : शिवाचं नाव कुणी वळखत न्हाई म्हणायलास, शिवू?

शिवकुमार : तसं न्हाई गं आत्या...! मंजू, फोटो बारीक करून खाली सरकव.

मंजुश्री : हे बघा. तोंड बोराएवढं झालं.

शिवकुमार : मग कलबुर्गीच्या त्या गवईबुवांचा टाकू. त्यांना टक्कल हाय, अंबाड्याची भानगडच न्हाई.

मंजुश्री : त्यांचं डोस्कं काय नावावर येणार न्हाई व्हय? आन् येवो न येवो, मला अक्काच पायजेत. अक्का, माझी आई तुमच्या मागं टाळ धरायची. किती गावांत गायलात तुम्ही, पण कार्यक्रमाच्या पत्रिकेत कायम ‘आणि इतर’. आज न्हाई म्हणलात तर पुन्हा ‘आणि इतर’च.

मल्लेश्वरी : असू दे की, बाळ. त्याचं नाव झाकून मोठं व्हण्यापरीस ‘इतर’ बरं. सकाळी ते नाव घेतल्याबिगर मी पाण्याचा घोट घेत न्हाई. आन् तेच झाकू?

मंजुश्री : थांबा. नाव मागं हाय न्हवं? पुढं आणते.

शिवकुमार : तोंडावर अक्षरं? हे तरी बसतंय का तुझ्या नेमात?

मंजुश्री : न्हाई बसत. चेहऱ्यावर अक्षर टाकू नये, हा तर आमचा पयला धडा. पण बघू तर द्या.

(पडद्यावर नाव पुढे येतं. तिघंही पडद्याकडे वाकतात.)

शिवकुमार : मंजू... हे काय झालं गं?

मंजुश्री : डोळे मोकळेच राहिले, अण्णा. अक्षरं भुवयांच्या वरच थांबली. मी हलवलं न्हाई हां. होतं तिथंच हाय.

शिवकुमार : पांढरी अक्षरं. कपाळावर. विभूतीच्या जागी.

मल्लेश्वरी : जत्रंतला फोटो हाय ह्यो. गाता गाता घामानं विभूती पुसून गेलती माझी. घरी गेल्यावर आरशात बघितलं, तर कपाळ मोकळं. लई वाईट वाटलं होतं.

मंजुश्री : अक्का, मग... चालंल?

मल्लेश्वरी : हे तू केलंस?

मंजुश्री : मी निस्तं मागचं पुढं आणलं.

मल्लेश्वरी : हळू बोल.

शिवकुमार : आत्या, उठलीस कामून? कुठं निघालीस? पाठवू का नको छापायला?

मल्लेश्वरी : पाठव की. पर जरा थांब, मला एकदा नीट बघू दे. चपला बाहेर काढून येते.

शिवकुमार : अगं, मंजूचं दुकान हाय हे!

मंजुश्री : शिवअण्णा, तुमच्याबी काढा.