लाव आता स्विच

आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या, कॉम्प्युटरवर लोखंड कापणाऱ्या मोठ्या सीएनसी मशीनचं सॉफ्टवेअर मी निवडलं, हे कुणाला खरं वाटत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची.

दुष्काळाची वर्षं होती, लाईट दिवसातून चारदा जायची. विकणाऱ्यानं सॉफ्टवेअर चाचणीला बसवलं आणि म्हणाला, "काका, लाईट आली की मशीन आपोआप पुढं चालू. एक मिनिट वाया नाय."

माझा पोरगा म्हणाला, "अण्णा, आता तरी व्हय म्हणा."

मी चालत्या मशीनचा मेन स्विच पाडला. कटर थांबल्यावर त्याच्याखाली हात घालून लोखंडाचा चुरा काढू लागलो.

"काका, हे काय करताय?"

"लाईट गेली की आमचे कामगार हेच करतात. लाव आता स्विच."

तो जागचा हलेना.

"लाव की! सॉफ्टवेअर तुझंच हाय ना?"

तो स्विचपासून मागं सरला. शेवटी पोरानंच येऊन माझा हात बाहेर ओढला.

आम्ही दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. लाईट आली तरी माणसानं बटण दाबेपर्यंत मशीन उभंच राहतं. त्यात वेळ जातो. जाऊ द्या.